लोकशाहिराची झील : संभाजी भगत आणि जालन्याचे एक नाटक

अमेरिकन लोकसंगीताच्या इतिहासात १९६५ ह्या वर्षाला विशेष महत्त्व दिले जाते. त्या वर्षीच्या २५ जुलै रोजी न्यूपोर्ट येथील लोकसंगीत-महोत्सवात बॉब डिलन विजेवर वाजणारी गिटार घेऊन साथीदारांसह उभा राहिला, आणि श्रोत्यांपैकी काहींनी त्याची हुर्यो उडविली. 'फोक-रॉक' ही संज्ञाही त्याच वर्षी तिकडील वृत्तपत्रांतून रुळू लागली. तो वाद वरकरणी वाद्याचा होता. परंतु त्याच्या मुळाशी गायक आणि श्रोता यांच्या नात्याची एक विशिष्ट कल्पना होती. एकटा गायक, हाती लाकडी गिटार, समोर निमूटपणे ऐकणारा समुदाय, हे त्या लोकसंगीताचे रूढ चित्र होते. गायकाच्या पाठीशी वाद्यवृंद उभा राहिला आणि ते चित्र मोडले.

अलीकडे हीच संज्ञा मराठीतही वापरली जाऊ लागली आहे. गिटार आणि ड्रम यांच्या साथीने अभंग व भारुडे गाणाऱ्या तरुण मंडळींना ती लावली जाते, आणि क्वचित् शाहिरांनाही. पहिल्या वापराविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. दुसरा मात्र तपासून पाहण्याजोगा आहे, कारण शाहिराच्या पाठीशी साथीदार नव्हते असा काळ आपल्या परंपरेत कधी नव्हताच. शाहीर डफावर थाप देतो. त्याच्या मागे तुणतुणे आणि झांज घेऊन सुरत्ये व झीलकरी उभे असतात. कडव्याची अखेर होताच ते सूर उचलतात आणि 'जी जी' करीत ती ओळ श्रोत्यांच्या अंगावर परत फेकतात. आवाज मोठा असणे हा ह्या कलेचा पहिल्यापासूनचा धर्म आहे. उघड्या मैदानावर, ध्वनिक्षेपकाच्या आधी कित्येक शतके, ती ऐकू जाणे भाग होते. तेव्हा डिलनच्या श्रोत्यांना ज्याचा धक्का बसला, ते आपल्याकडे जन्मापासूनच होते. शाहिरीपुढील अडचण निराळी आहे, आणि ती वाद्यांत नसून झिलीत आहे.

ही अडचण थोडी उकलून सांगावयास हवी. पोवाडा हा मूळचा स्तुतीचा प्रकार. उपलब्ध पोवाड्यांपैकी सर्वांत जुना म्हणून मानला जाणारा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ च्या अफझलखान-प्रसंगावर आहे. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहापासून य. न. केळकरांच्या 'ऐतिहासिक पोवाड्यां'पर्यंत जे साहित्य आपल्यापुढे आले, त्याचा मोठा भाग पराक्रमाच्या वर्णनाने व्यापलेला आहे. अशा रचनेत झीलकऱ्याचे काम होकार देण्याचे असते. शाहीर म्हणतो, आणि मागची मंडळी 'जी' म्हणतात. श्रोतेही मनातल्या मनात तेच म्हणतात. मराठी भाषेने ह्या होकाराची नोंद मोठ्या मार्मिकपणे केलेली आहे. 'दुसऱ्याची री ओढणे' हा वाक्प्रचार आपण ज्या हेटाळणीच्या सुरात वापरतो, त्यात साथीदाराच्या सुराविषयीचा लोकांचा जुना अनुभवच बोलतो असे म्हणावयास हरकत नाही.

आता ज्या शाहिराला प्रश्न विचारावयाचा आहे, प्रस्थापित समजुतीला नकार द्यावयाचा आहे, त्याने होकारानेच बांधलेल्या ह्या रचनेचे काय करावे? महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीमहाराजांवर पोवाडा रचून राजाला कुळवाड्यांचा राजा म्हणून पुढे आणले, तेव्हा त्यांनी आशय उलटा केला. रचना मात्र तीच ठेविली. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी संवाद, वग आणि विनोद यांची भर घालून झिलीचा एकसुरीपणा बराच मोडला. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्या तिघांनी झिलीला गिरणगावच्या मोर्चाचा आवाज दिला. त्या आवाजाची भव्यता कोणी नाकारणार नाही, पण तोही होकाराचाच आवाज होता. संभाजी भगत ह्या गायकाचा विचार ह्या पार्श्वभूमीवर करावयास हवा. त्यांच्या कारकीर्दीचे महत्त्व त्यांच्या आवाजाच्या बुलंदपणात शोधण्यापेक्षा, झिलीशी त्यांनी मांडलेल्या झगड्यात शोधणे अधिक फलदायी ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भगतांच्या चरित्रातील ठळक गोष्टी थोडक्यात सांगता येतील. सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या परिसरातील महू हे त्यांचे गाव. शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाच्या वातावरणात वाढले. हे वसतिगृह म्हणजे दलित साहित्याच्या आणि पँथरच्या चळवळीतील तरुणांचे एक केंद्रच होते. तेथील रात्रीच्या चर्चांतून किती कवी घडले आणि किती बिघडले याचा हिशेब एखाद्या विद्यार्थ्याने जरूर मांडावा. पुढे भगत आव्हान नाट्य मंचात गाऊ लागले. तेथे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते शाहीर विलास घोगरे. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' ह्या १९८५ च्या अनुबोधपटात झोपडपट्टीवासीयांच्या बाजूने जो आवाज ऐकू येतो, तो घोगऱ्यांचा.

ह्या दोघांच्या गायकीचा तौलनिक अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. ऐकणाऱ्याला प्रथमदर्शनी जाणवते ते एवढेच, की घोगऱ्यांच्या सुरात करुणा वरचढ आहे, आणि भगतांच्या सुरात उपहास. घोगरे ओळ लांबवितात. भगत ती मध्येच तोडतात, श्रोत्यांशी बोलू लागतात, एखादी चिमटा काढणारी गोष्ट सांगतात, आणि श्रोते हसत असतानाच पुन्हा उंच पट्टीत गाणे धरतात. ही मोडतोड केवळ रंजनासाठी केलेली नाही. ज्या क्षणी श्रोता 'जी' म्हणावयास तयार झालेला असतो, नेमक्या त्याच क्षणी ती येते. होकार ओठांवर येतो आणि तेथेच अडतो. जलशातील जुन्या बतावणीचा हा वारसा आहे, हे उघड आहे. परंतु बतावणी गाण्याच्या आधी किंवा नंतर येत असे, भगतांनी ती कडव्याच्या पोटात आणून बसविली.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मरण पावली. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगऱ्यांनी मुलुंडमधील आपल्या घरी आत्महत्या केली. ह्या घटनेपासून आरंभ करून पटवर्धनांनी सुमारे चौदा वर्षे चित्रीकरण केले आणि २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' हा अनुबोधपट पूर्ण केला. त्यात भगत आणि त्यांचा विद्रोही शाहिरी जलसा आपल्याला भेटतात. चरित्रातील एखाद्या दुःखावरून कलेतील गुणांचा अर्थ लावणे हा टीकेतला एक सोपा मार्ग आहे, आणि तो टाळलेला बरा. तरीही एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. ज्या गायकाच्या मागे झील होती, जो हजारोंच्या होकारात गात होता, तो अखेरीस एकटा पडू शकतो, हे त्या मृत्यूने दाखविले. झील म्हणजे सोबत नव्हे. भगतांच्या उत्तरकालीन रचनांत समुदायाविषयी जो एक सावधपणा दिसतो, त्याला हा अनुभव अगदीच परका नसावा.

हा सावधपणा सर्वत्र टिकला आहे असे मात्र नाही. त्यांच्या काही लोकप्रिय गीतांत, विशेषतः मोर्चासभांतून गाइल्या जाणाऱ्या हिंदी गीतांत, शत्रूंची एकामागून एक ओळख करून दिली जाते आणि प्रत्येक ओळखीला झील दुजोरा देते. ती गीते परिणामकारक आहेत. सभा पेटविण्याचे आपले काम ती चोख करतात. पण श्रोता जे मानून आला होता तेच मानून तो परत जातो. पोवाड्याचा जुना स्तुतिधर्मच येथे निंदेच्या वेषात वावरतो. चळवळीच्या सभेची ती गरज आहे असे यावर उत्तर दिले जाईल, आणि ते चूकही नाही. मात्र समीक्षकाला गरज आणि सिद्धी यांतील अंतर दाखवावेच लागते.

ह्या अडचणीतून बाहेर पडण्याची वाट भगतांना जालना जिल्ह्यात सापडली. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वांना परिचित आहे. त्याच गावचे शेतकरी नाटककार राजकुमार तांगडे यांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक लिहिले, आणि ते २०१२ मध्ये रंगभूमीवर आले. मूळ कल्पना, गीते आणि संगीत भगतांचे. दिग्दर्शन नंदू माधव यांचे, ज्यांना प्रेक्षक 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ह्या २००९ च्या चित्रपटातील दादासाहेब फाळके म्हणून ओळखतात. नटसंचातील पुष्कळजण जालना परिसरातील, शेतीत राबणाऱ्या घरांतील होते. विजेच्या तारेवर टाकल्या जाणाऱ्या आकड्याला विषय करून तांगड्यांनी 'आकडा' हे नाटक लिहिले होते, त्यामुळे गावातील रोजच्या अडचणीतून नाट्य काढण्याची त्यांची हातोटी ठाऊक झालेली होती. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या बोलण्यातील तिरकस विनोद आणि भगतांच्या गाण्यातील मुंबईच्या वस्तीतला उपहास, हे दोन प्रवाह ह्या नाटकात एकत्र आले. १९८१ मध्ये अस्तित्वात आलेल्या, बियाणे आणि पोलाद यांच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याने मराठी रंगभूमीला असे काही द्यावे, ही अपेक्षा फारशा कोणी केली नसेल.

नाटकाचे नावच विचार करावयास लावणारे आहे. 'अंडरग्राउंड' हा शब्द चळवळीच्या आणि पोलिसांच्या परिभाषेतला. 'भीमनगर' हे महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात आढळणाऱ्या दलित वस्तीचे नाव. 'मोहल्ला' हा मुसलमानी वस्तीची आठवण करून देणारा हिंदुस्थानी शब्द. ह्या तिघांच्या शेजारी राजाचे नाव ठेवले गेले आहे, आणि तो तेथे लपून आहे असे सुचविले आहे. कथानकाची कल्पना पुराणातल्या वगाला शोभेशी आहे. यम महाराजांना स्वर्गात घेऊन जातो. त्यांचा विचार मात्र पृथ्वीवरच राहून जातो. तो परत आणण्यासाठी यमाला पुन्हा खाली यावे लागते, आणि महाराजांची पगडी ज्याच्या डोक्याला नेमकी बसेल अशा माणसाचा शोध त्याला आजच्या महाराष्ट्रात घ्यावा लागतो. ती घालावयास उत्सुक असलेली डोकी पुष्कळ. पगडी कोणालाच बसत नाही. ह्या युक्तीत गणगौळण-बतावणीचा मोकळेपणा आहे, आणि एक कठोर निकषही आहे: वारसा सांगणाऱ्याने आपले माप द्यावे.

परंतु नाटकाचा गाभा पुढेच आहे. उत्तरार्धात दोन शाहीर समोरासमोर येतात आणि शिवाजी कोणाचा ह्या प्रश्नावर त्यांच्यात पोवाड्यांचा सामना होतो. एकाचा राजा धर्माच्या नावाने लढणारा, दुसऱ्याचा रयतेसाठी राबणारा. वरवर पाहता ही कलगी-तुऱ्याचीच रीत आहे. शक्ती श्रेष्ठ की शिव, हा वाद घालणारे दोन फड, एकमेकांना घातलेले कूट प्रश्न, रात्रभर चाललेली झुंज, हे सारे तमाशाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मात्र भेदिक लावणीतील वाद कधीच सुटत नाही, आणि तो सुटावा अशी कोणाची इच्छाही नसते. शिव आणि शक्ती अखेर एकच आहेत हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. भीमनगरातील वाद ह्या प्रकारचा नाही. तेथे प्रत्येक कडवे हा एक ऐतिहासिक दावा असतो, आणि समोरचा शाहीर त्याचा पुरावा मागू शकतो. गोविंद पानसरे यांच्या 'शिवाजी कोण होता?' ह्या १९८८ च्या पुस्तिकेने जो युक्तिवाद महाराष्ट्रभर पोचविला होता, त्याच युक्तिवादाच्या वाटेवरून हा सामना चालतो. पानसऱ्यांवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्यानंतर हे नाटक पाहणाऱ्याला तो प्रवेश पूर्वीइतक्या निश्चिंतपणे पाहता आला नसेल.

येथे झिलीचे काय होते, ते बारकाईने पाहावे. एक शाहीर गातो तेव्हा होकार एकच असतो. दोन शाहीर परस्परविरुद्ध गाऊ लागले की होकारही दोन होतात, आणि रचना मात्र दोघांची तीच राहते: तोच डफ, तोच ठेका, तीच चढती लय. चाल ऐकून कोण खरे बोलतो हे ओळखण्याची सोयच उरत नाही. पहिल्या शाहिराच्या पोवाड्याने अंगावर काटा उभा राहतो, हे प्रेक्षकाला कबूल करावे लागते. आणि दुसऱ्याच्याही राहतो. मग तो काटा कसला पुरावा? पोवाड्याच्या आवेशावर विसंबून इतिहास मानणाऱ्या प्रेक्षकाला नाटक त्याच्याच आवेशाविरुद्ध साक्षीला उभे करते. भगतांनी पहिल्या शाहिराला दुबळी चाल दिली असती तर विजय सोपा झाला असता, आणि सामन्याला अर्थ उरला नसता. प्रतिपक्षाचा पोवाडा तोलाचा ठेवण्यात त्यांचा कलात्मक प्रामाणिकपणा दिसतो. इतके दिवस कडव्यात बतावणी घुसवून होकार अडविणाऱ्या गायकाने येथे होकारालाच होकाराशी भिडविले. त्यांच्या कारकीर्दीतील ही सर्वांत परिपक्व कृती होय, असे मला निःशंकपणे वाटते.

ह्यात जालन्याच्या नटांचा वाटा दुय्यम समजू नये. सफाईदार गळ्याच्या नाट्यगायकांनी हा सामना गाइला असता तर तो मैफलीचा विषय झाला असता. १६७३ साली चिपळूणच्या परिसरातील लष्कराला महाराजांनी रयतेस तोशीस देऊ नये असे पत्रातून बजावले होते. दुष्काळात बागा जळताना पाहिलेल्या माणसाच्या तोंडी रयतेचा राजा हा विषय आला म्हणजे तो विद्वत्तेचा राहत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, त्याच सुमारास त्या भागातील ही माणसे गावोगाव आणि शहरांतील नाट्यगृहांत रयतेच्या राजाविषयी गात होती. त्यांच्या उच्चारांतील मराठवाडी हेल आणि शब्द तोडून फेकण्याची लकब चालीला एक खरखरीतपणा देतात. तो भगतांच्या स्वतःच्या गळ्यातही आहे, पण ह्या नटांकडे तो अधिक निरागसपणे येतो.

काही आक्षेप राहतात. पूर्वार्धातील राजकीय टोमणे पुष्कळदा प्रासंगिक आहेत आणि काही वर्षांनी ते टिपांवाचून समजणार नाहीत. सामन्याचा निकाल लागल्यावर नाटक जरा जास्त बोलते. पगडीच्या प्रतीकाने जे सूचित झाले होते ते वाक्यांतून पुन्हा सांगितले जाते. तिकीट काढून आलेल्या पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला आपण योग्य बाजूला आहोत हे समाधान फार स्वस्तात मिळत नाही ना, हाही प्रश्न आहे. वस्तीतल्या जलशात हसणारा श्रोता आणि नाट्यगृहात टाळी देणारा प्रेक्षक यांची झील सारखी नसते; दुसऱ्याच्या होकाराची किंमत त्याला मोजावी लागत नाही.

ती किंमत काय असू शकते, ह्याचे चित्र 'कोर्ट' ह्या चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या चित्रपटात आहे. त्याचे संगीतही भगतांचे आहे. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या ह्या कृतीत नारायण कांबळे नावाच्या वृद्ध लोकशाहिराला भर कार्यक्रमात अटक होते. आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. समीक्षकांनी ह्या चित्रपटातील न्यायव्यवस्थेच्या चित्रणाविषयी पुष्कळ लिहिले आहे. शाहिरीच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसावी. सरकारपक्षाचा सारा युक्तिवाद झिलीच्या एका भाबड्या कल्पनेवर उभा आहे: शाहीर सांगतो आणि श्रोता 'जी' म्हणून तसे करतो. ज्या होकाराशी भगत आयुष्यभर झगडत आले, तो होकार कायद्याने मात्र अक्षरशः खरा मानला. न्यायालयात गाणे पोचते तेव्हा त्याला चाल उरलेली नसते, ठेका नसतो, मागे उभी असलेली माणसे नसतात. साक्षीदाराच्या तोंडून आलेले त्याचे कथित शब्द तेवढे नोंदले जातात. कार्यक्रमात तेच शाहीर गातो तेव्हा पडद्यावर त्याच्या मागे साथीदार असतात, समोर खुर्च्यांवर वस्तीतली माणसे बसलेली असतात, आणि त्यांतली कित्येक नुसतीच पाहत असतात. कोणी कान देते, कोणाचे लक्ष दुसरीकडे असते.

कांबळ्यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. १३ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. जालन्याच्या नटांप्रमाणे तेही पेशाने नट नव्हते. पडद्यावर गाताना त्यांचा चेहरा होकार मागत नाही, तो फक्त पुढची ओळ शोधत असतो.